सल्ला हवा: बांधकाम-दोषांच्या खटल्यांत विमा कंपनीच्या पॅनेलवर वकिली करावी का?

ओवी_अर्व्हाइन: पुण्यात सिव्हिल इंजिनिअरिंग, मग कायदा, इथे एलएलएम करून कॅलिफोर्निया बार (वकिलीची परीक्षा) पास झाले. ऑरेंज काउंटीतल्या एका फर्मची ऑफर आहे. घरमालकांनी बिल्डर किंवा सबकॉन्ट्रॅक्टरवर दावा लावला की विमा कंपनीच्या पैशाने त्यांचा बचाव करायचा. घ्यावी का? राज्य सोडता येणार नाही. तयारीला ३०० डॉलरच आहेत.

सदा_ह्यूस्टन: टेक्सासला या. इथे घरं स्वस्त, कामाला तोटा नाही.

बचावपक्ष: हेच काम करतेय. विमा कंपनी देते तो दर कमी, म्हणून तास जास्त. सहा-सहा मिनिटांची नोंद ठेवायची, वर कंपनीचा ऑडिटर बिल कापतो. पण डिपॉझिशन (खटल्याआधी शपथेवर घेतलेली साक्ष) घ्यायला लवकर मिळतं, मोठ्या फर्ममध्ये वाट बघत बसावं लागतं. आधी एसबी ८०० वाचा, कॅलिफोर्नियाचा घरांच्या बांधकाम-दोषांचा कायदा. १ जानेवारी २००३ पासून विकलेल्या नव्या घरांना तो लागतो. दाव्याआधी बिल्डरला नोटीस आणि दुरुस्तीची संधी द्यावीच लागते. दाव्याची मुदत: प्लंबिंग, वीज ४ वर्षं, रंग ५, बरंचसं बाकीचं १०.

गळकं_घर: आमच्या खिडक्यांतून पाणी येऊन भिंती कुजल्या, तरी समोरचे वकील तारखाच मागत राहिले. ओवी, घरमालकांच्या बाजूने उभी राहा गं.

मिलिंद_एलए: दोन हजार डॉलरचा ट्रायल कोर्स (कोर्टात खटला चालवायला शिकवणारा) करा, मी केला, बिनधास्त घ्या. आणि एसबी ८०० वाचाच.

सदा_ह्यूस्टन: नाहीतर फ्लोरिडा. सर्फसाइडला २०२१ मध्ये इमारत कोसळून ९८ माणसं गेली, समझोता १०० कोटी डॉलरच्या वर.

बचावपक्ष: सदाभाऊ, ती इमारत १९८१ ची. नव्या घरातल्या दोषांचे दावे वेगळे. शिवाय फ्लोरिडाने २०२३ मध्ये अशा दाव्यांची १० वर्षांची मुदत ७ वर आणली. आणि त्या म्हणाल्यात की राज्य सोडायचं नाही.

जुना_वकील: पैसे विमा कंपनीचे, पण अशील बिल्डर, हे पक्कं ठेवा. विमा कंपनीने, भरपाई पुढे नाकारण्याचा हक्क राखून, बचाव घेतला आणि त्यातून हितसंबंधांचा खरा संघर्ष उभा राहिला, तर अशिलाला तिच्याच खर्चाने स्वतंत्र वकील मिळतो. १९८४ चा क्युमिस निकाल, आता कॅलिफोर्निया सिव्हिल कोडचं कलम २८६०. हे ठाऊक नसलं तर नोकरी टिकली तरी लायसन्स अडचणीत येतं. कायदा विधिमंडळाच्या साइटवर फुकट आहे, पुस्तकं घेऊ नका.

मिलिंद_एलए: कोर्सला सूट चालू आहे.

ओवी_अर्व्हाइन: सगळ्यांचे आभार. ऑफर घेतली. गळकं_घर, तुमचा राग समजतो. पण दोष नक्की छपराचा, फ्लॅशिंगचा (सांध्यावर पाणी अडवणाऱ्या पट्टीचा) की खिडकी बसवणाऱ्याचा, हे साइटवर शोधणं मला येतं आणि तेच करायचंय. कोर्स नाही घेतला. ओलावा मोजायचं मीटर आणि सेफ्टी शूज घेतले, ३०० च्या आत. २८६० आज रात्री वाचते.