गॅस्केलबाईंनी मैत्रिणीचं चरित्र लिहिलं की तिची पाठराखण केली?

वाचनखूण:
कादंबरीकार एलिझाबेथ गॅस्केल आणि 'जेन एअर'ची लेखिका शार्लट ब्राँटी पहिल्यांदा भेटल्या १८५० च्या ऑगस्टमध्ये, विंडरमियरजवळ. शार्लट मार्च १८५५ मध्ये गेली. तिच्या वडिलांच्या विनंतीवरून गॅस्केलनं लिहिलेलं चरित्र १८५७ साली आलं. माझ्या मते त्यात मैत्री जपली आणि सत्य दडपलं. ब्रसेल्समधले आपले विवाहित शिक्षक एजे यांच्यात शार्लट किती गुंतली होती, हे गॅस्केलला कळलं होतं. १८५६ मध्ये गॅस्केल त्यांना भेटून आली होती. पुस्तकात त्याचा मागमूस नाही.

तळटीप:
तेव्हा हयात कोण होतं ते बघा: वडील, नवरा, एजे आणि मुलींची शाळा चालवणारी त्यांची बायको. शार्लटनं एजेंना लिहिलेली चार पत्रं उरली आहेत. तीन फाडून पुन्हा जोडलेली, काही तुकडे चक्क दोऱ्यानं शिवलेले. न फाडलेल्या चौथ्याच्या कडेला एजेंनी जोडे शिवणाऱ्याचा पत्ता टिपलाय! ती छापली गेली १९१३ मध्ये. हे सगळं १८५७ मध्ये चव्हाट्यावर आणायचं?

वाचनखूण:
नुसती गप्प बसली असती तर माझी तक्रार नव्हती. पण तारखा लावून बघा. शार्लट ब्रसेल्सहून परतली जानेवारी १८४४ मध्ये आणि खचत गेली. भाऊ ब्रॅनवेलची नोकरी सुटली जुलै १८४५ मध्ये. गॅस्केलनं त्याची घसरण आधीची दाखवून बहिणीच्या दुःखाचं खापर त्याच्यावर फोडलं, आणि त्याच्या मालकिणीवर त्याला नादी लावल्याचा ठपका ठेवला. ती बाई जिवंत होती. तिच्या वकिलांनी दम भरल्यावर मे १८५७ मध्ये 'टाइम्स'मध्ये जाहीर माघार छापावी लागली, उरलेल्या प्रती विक्रीतून काढाव्या लागल्या. एकीची अब्रू झाकायला दुसरीची वेशीवर टांगली.

तळटीप:
तारखांचं मान्य. तो अन्यायच होता. एजेंबद्दलच्या मौनाला मात्र मी चूक म्हणणार नाही.

रेवाकाठ:
कागद कुणाकडून आले हेही बघा ना. शार्लटची मैत्रीण एलन नसी हिला शार्लटच्या नवऱ्यानं १८५४ मध्ये पत्रं जाळायला सांगितलं होतं. तिनं जपली, त्यांतली साडेतीनशेच्या आसपास गॅस्केलला दिली. न्यूझीलंडला गेलेली दुसरी मैत्रीण मेरी टेलर हिनं स्वतःकडची जाळली, एक तेवढं ठेवलं. मेरी बंडखोर, एलन देवभीरू. शार्लट दोघींशी एका सुरात बोलत नसणार. त्यामुळे पुस्तकात दिसते ती मुख्यतः एलनची शार्लट.

आणि वाचायचं तर पहिल्या आवृत्तीची संहिता असलेली प्रत घ्या. तिसरीत हा वादाचा भाग बदललेला आहे.