शॉर्टवेव्हवर नुसती खरखर येतेय, सुरुवात कशी करायची?

चौथा_मजला:
नमस्कार मंडळी, मागच्या महिन्यात एक छोटा डिजिटल रेडिओ घेतला. एफएम मस्त लागतं पण शॉर्टवेव्हवर या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसती खरखर. कोथरूडला फ्लॅटमध्ये राहतो, ऑफिसवरून आलो की हॉलमध्ये सोफ्यावर बसून शोधत असतो. दुकानदार म्हणाला आता शॉर्टवेव्हवर काही उरलंच नाही. खरंच सगळं बंद झालंय की माझं काही चुकतंय? महागडा रेडिओ घ्यावा लागेल का?

लहरीबहाद्दर:
दादा, आत्ता एक रुपयाही घालू नका. ती खरखर बहुतेक तुमच्याच घरातली आहे. रेडिओ चार्जरवरून काढा, बॅटरीवर चालवा आणि घरच्यांना विचारून पाच मिनिटं मेन स्विच पाडा. खरखर कमी झाली की समजायचं चोर घरातच आहे, मग स्विच चालू करून रेडिओ हातात धरून राउटर, टीव्ही, बल्ब, मोबाइलचे चार्जर सगळ्यांजवळून फिरा, जिथे आवाज चढेल तो तुमचा आरोपी. माझ्याकडे देवघरातल्या एलईडी माळेचा अडॅप्टर निघाला, तो उपसला आणि ९ मेगाहर्ट्झवरचा गुरगुराट तिथल्या तिथे थांबला, मी दोन महिने रेडिओला बोल लावत होतो. ऐकायला गॅलरीत किंवा गच्चीत जा, सिमेंट आणि सळयांच्या आत सिग्नल मरतो.

रात्रपाळी:
+१, आणि वेळ पण बघा. वातावरणात खूप वर आयनोस्फिअर म्हणून विद्युतभारित थर असतात, त्यांच्यावरून लहरी परततात म्हणून इतक्या लांबचं ऐकू येतं आणि ते थर दिवसरात्र बदलतात. ढोबळ हिशोब असा की उजेडात १५ मेगाहर्ट्झ आणि त्याच्या वर, अंधार पडल्यावर ६ ते १० च्या आसपास. संध्याकाळी ३१ मीटर बँड पकडा, म्हणजे ९४०० ते ९९०० किलोहर्ट्झ, तिथे ५-५ किलोहर्ट्झने सावकाश सरकायचं, ऑटो स्कॅनच्या नादी लागू नका, कमजोर स्टेशनं तो सोडून देतो. चायना रेडिओ इंटरनॅशनल आपल्याकडे दणकून येतं, बीबीसीची इंग्रजी सेवाही मिळते. स्टेशनांचं वेळापत्रक यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असतं, त्यात साडेपाच तास मिळवायचे, आणि मार्च-ऑक्टोबरच्या शेवटी ते बदलतं, त्यामुळे जुनी यादी धरून बसू नका. अँटेनासाठी पाच मीटर साधी वायर, एक टोक क्लिपने रेडिओच्या दांडीला आणि दुसरं गॅलरीच्या दोरीला. विजेच्या तारांपासून लांब ठेवा आणि वळवाचं गडगडायला लागलं की आधी वायर काढायची.

सांगलीची_ताई:
वायर पाचच मीटर बरं का, वीस मीटर टाकाल तर छोटा रेडिओ गोंधळतो आणि एकच स्टेशन तीन ठिकाणी वाजतं. दुकानदाराचं अर्धं खरं आहे, बरीच स्टेशनं गेली. बीबीसी हिंदीचं शॉर्टवेव्ह प्रसारण ३१ जानेवारी २०२० ला थांबलं, आमच्या घरी वडील त्यावर बातम्या ऐकायचे, मला अजून चुकल्यासारखं होतं. पण आहे ते ऐकायलाच हवं, आणि वहीत तारीख, वेळ, फ्रिक्वेन्सी, काय ऐकलं हे लिहीत जा. तेच स्टेशनला कळवलं की काही जण क्यूएसएल कार्ड, म्हणजे तुम्ही ऐकल्याची पोच देणारं कार्ड, पाठवतात, रेडिओ रोमानियाचं कार्ड पोस्टमननं हातात दिलं तेव्हा मी उभ्या उभ्याच तीनदा वाचलं.

चौथा_मजला:
ताई, दादा, सगळ्यांना खूप थँक्यू!! आरोपी सापडला, टीव्हीमागचा सेट टॉप बॉक्सचा अडॅप्टर. काल रात्री पावणेदहाला गॅलरीत वायर लावून बसलो तर आधी चिनी बाईंचा आवाज, मग कुठलीशी अरबी गाणी, वरखाली होत, समुद्राच्या लाटेसारखी. बायको पण येऊन बसली. १०००० किलोहर्ट्झवर दर सेकंदाला टिक टिक येतेय, ते काय आहे?

रात्रपाळी:
ती वेळेची खूण, अचूक वेळ सांगणारी स्टेशनं असतात त्यांची, आपल्याकडे बहुतेक चीनमधलं बीपीएम नावाचं स्टेशन असतं. तीच ५००० वर पण लावून बघा, दोन्हींतलं कुठलं कधी जोरात येतं ते आठवडाभर लिहा आणि इथे टाका.