मदत हवी आहे: वय ३७, टेरिटोरियल आर्मी आणि एसएसबी

सीडीएसचा (सैन्यात अधिकारी होण्याच्या परीक्षेचा) रस्ता पंचविशीच्या आसपास बंद होतो. ३७ व्या वर्षी अधिकारी व्हायला टेरिटोरियल आर्मी (टीए) उरते: वय १८ ते ४२, पदवी, आणि स्वतःचा कामधंदा. ही पूर्णवेळ नोकरी नाही हे माहीत आहे, कृपया त्यावर समजावू नका. लेखी परीक्षा जमेल. घोडं अडतंय ते एसएसबीत, म्हणजे सैन्याच्या अधिकारी निवड मंडळाच्या चाचण्यांत.

टॅटला (चित्रावरून गोष्ट लिहायची चाचणी) चित्र ३० सेकंद दिसतं, गोष्टीला ४ मिनिटं. सरावात गोष्ट वेळेत होते, पण नायक दर वेळी मॅनेजरच निघतो. अडचण आली की बैठक बोलावतो, कामं वाटतो, स्वतः जागचा हलत नाही. अकरा चित्रांत अकरा बैठका, आणि बाराव्या कोऱ्या पानावरही तेच! वॅटमध्ये (दिलेल्या शब्दावरून वाक्य) १५ सेकंदांत वाक्य होतं, पण सुविचारासारखं. एसआरटीत (दिलेल्या प्रसंगात काय कराल ते लिहायचं) ३० मिनिटांत ६० पैकी ४२च होतात, कारण प्रत्येक उत्तरात खुलासा घुसतो.

या वयाच्या उमेदवाराने नोकरीतले प्रसंग वापरावेत की नायक मुद्दाम तरुण ठेवावा? एसआरटीत ६० पूर्ण करण्यासाठी उत्तर किती शब्दांत बसवता? जीटीओच्या (मैदानी चाचण्या घेणाऱ्या अधिकाऱ्याच्या) वैयक्तिक अडथळ्यांना ३ मिनिटं मिळतात. गुडघे जपायचे तर १० पैकी कोणते आधी घ्यावेत?

शिवाय खासगी नोकरीत दरवर्षीच्या दोन महिन्यांच्या प्रशिक्षणाची रजा कशी मांडता? टीएत असलेल्यांनी किंवा अलीकडे एसएसबी दिलेल्यांनीच सांगा, क्लासच्या जाहिराती नकोत.