साठीपुढचा लठ्ठपणा आणि घरची ऐपत: मोजायचं कसं?

केळीपट्टा: रावेर-यावलकडच्या गावांत साठीपुढच्यांचं वजन, उंची, कंबर मोजणार आहोत. ऐपतीसाठी रेशनकार्डाचा रंग धरला तर चालेल का?

तापीकाठ: एकटा रंग नको. केशरी कार्डाचा पट्टाच 15 हजार ते 1 लाख वार्षिक उत्पन्नाचा, त्यात फार वेगळी घरं येतात. बागायत किती, शिक्षण किती, पेन्शन आहे का, म्हातारी अजून शेतात निंदायला जाते का, हेही विचारा. आपल्याकडे वजन बहुधा ऐपतीबरोबर वाढतं. श्रीमंत देशांत, विशेषतः बायकांमध्ये, उलटं दिसतं. मजूर लावले की खुरपं सुटतं, पण शेवभाजीवरची तर्री तेवढीच राहते.

दादर_भाकरी: खरी चूक उंचीत होते. 60 किलो वजन, उंची 155 सेंमी: बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) 25. पाठ वाकून उंची 150 भरली की तोच 26.7! म्हणून कंबर मोजाच. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर. परकराची नाडी सैल करायला सांगा, नाहीतर आकडा फसतो. पुरुष 90, बायका 80 सेंमीच्या वर म्हणजे जास्त.

तापीकाठ: आणि खुर्चीवरून हात न टेकता पाच वेळा उठ-बस करायला लावा. 12 सेकंद किंवा जास्त लागले तर चरबीखाली स्नायू झिजलेले असू शकतात. अशांना नुसतं उपाशी ठेवू नका, मधुमेहाची गोळी चालू असेल तर मुळीच नाही. दोघांच्या घरात महिन्याला तेल दीड लिटरवर आणा, कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या) भाकरीसोबत डाळ घट्ट ठेवा.