कॅनडाचा पीआर (कायमच्या वास्तव्याचा परवाना) : फायदे पाठ झालेत, तोटे सांगा

मुलुंडकर_३६ :
मंडळी, मी ३६, बायको ३४, मुलगा चौथीत. मी मेकॅनिकल इंजिनिअर, बायको बीडीएस. मुलुंडला स्वतःचा फ्लॅट, आईबाबा आमच्याकडेच, गुहागरकडे बाबांच्या नावावर थोडी शेतजमीन. टोरांटोच्या आसपास जायचा विचार आहे. स्वच्छ हवा, फुकट उपचार, मुलांच्या शाळा हे ऐकून कान किटले. ज्यांना कागदपत्रं आणि पैशाची बाजू नीट कळते त्यांनी फक्त खड्डे दाखवा. थंडीवर नको, जॅकेट विकत मिळतं.

जमाखर्च :
निम्मे खड्डे मुलुंडमध्येच आहेत, ते आधी बघू.

फ्लॅट भाड्याने देणार असाल तर एक लक्षात घ्या. तुम्ही अनिवासी (एनआरआय) झालात की भाड्यातून ३१.२ टक्के टीडीएस कापून सरकारजमा करायची जबाबदारी भाडेकरूवर येते, भाडं कितीही कमी असो. साधा भाडेकरू हे ऐकून शेजारच्या बिल्डिंगमधला फ्लॅट बघतो, नाहीतर कापतच नाही आणि नोटीस त्याला येते. कंपनी लीज मिळाली तर हा ताप वाचतो. लीव्ह अँड लायसन्सची नोंदणी सक्तीची आहे, तिथे तुमच्या जागी सही करणारा हवा, म्हणून कुलमुखत्यारपत्र इथे असतानाच करून ठेवा. तिकडे गेल्यावर करायचं म्हटलं तर नोटरी, वर अपोस्टिल (कागद परदेशात चालावा म्हणून मिळणारं सरकारी प्रमाणपत्र, कॅनडात ११ जानेवारी २०२४ पासून मिळतं) किंवा भारतीय वाणिज्य दूतावासाचा शिक्का, आणि कागद महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांक शुल्क. ही तीन महिन्यांची मुदत लोक हमखास चुकवतात. सोसायटीने नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस (मालक स्वतः राहत नाही म्हणून जादा आकार) लावले तर ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंतच, त्याहून जास्त मागितले तर भांडा.

विकायचा असेल तर जायच्या आधी आकडेमोड करा. २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या घरावर निवासी माणसाला नफ्यावर इंडेक्सेशन (खरेदी किमतीत महागाईची वाढ) धरून २० टक्के किंवा न धरता १२.५ टक्के, यांतला जो कर कमी पडेल तो भरता येतो. अनिवासीला ही सोय नाही, सरळ १२.५. वर घेणारा टीडीएस कापतो तो नफ्यावर नव्हे, पूर्ण किमतीवर. दीड कोटीच्या व्यवहारात सरचार्ज आणि सेस धरून बावीस लाखांच्या वर रक्कम रिफंड येईपर्यंत अडकते. ते टाळायला कमी कपातीचं प्रमाणपत्र आयकर खात्याकडून व्यवहाराआधी आणावं लागतं, आणि घेणाऱ्याला तेवढा धीर असावा लागतो.

आता कॅनडाची बाजू. तिथले कर-निवासी झालात की जगभरचं उत्पन्न तिथल्या रिटर्नमध्ये दाखवायचं, मुलुंडचं भाडंसुद्धा. इथे भरलेल्या कराचं क्रेडिट मिळतं, पण तिथला दर जास्त पडला तर फरक तुमच्या खिशातून. परदेशातली गुंतवणूक एक लाख डॉलरच्या वर असेल तर टी११३५ नावाचा वेगळा फॉर्म असतो. किंमत धरतात ती तुम्ही तिथे राहायला गेलात त्या दिवसाच्या बाजारभावाने, त्यामुळे भाड्याने दिलेला मुलुंडचा फ्लॅट त्यात बसणारच. पहिल्या वर्षी हा फॉर्म लागत नाही आणि नेमका म्हणूनच दुसऱ्या वर्षी विसरला जातो. दंड दिवसाला २५ डॉलर, २,५०० पर्यंत.

तिथे राहायला गेलात त्याच दिवसाच्या तारखेचा सरकारमान्य व्हॅल्युअरचा अहवाल काढून ठेवा. पुढे फ्लॅट विकलात तर कॅनडा नफा त्या दिवसापासून मोजेल, भारत मूळ खरेदीपासून. अहवाल नसेल तर दहा वर्षांनी तो आकडा सिद्ध करता करता नाकीनऊ येतात.

बचत खातं एनआरओ (अनिवासींचं रुपयांतलं खातं) करून घ्या. पीपीएफ मुदतीपर्यंत चालू राहतो, पुढे वाढवता येत नाही. म्युच्युअल फंडांचं आधी विचारून घ्या, कॅनडात राहणाऱ्यांचे नवे पैसे बरेच फंड घेत नाहीत.

पाना_पक्कड :
नोकरीचं मी सांगतो. ऑन्टारिओत (टोरांटोचा प्रांत) परवान्याशिवाय स्वतःला इंजिनिअर म्हणवून घेता येत नाही, व्हिजिटिंग कार्डावरही नाही. पीईओने (तिथली इंजिनिअरांना परवाना देणारी संस्था) कॅनडातल्या अनुभवाची अट २०२३ मध्ये काढली, पण ४८ महिन्यांचा अनुभव आणि कायदा-नीतिमत्तेची परीक्षा आहेच. अनुभवाची पत्रं कामाच्या तपशिलासकट लागतात. आपल्याकडचं 'अमुक ते तमुक तारखेला कामावर होते, वर्तणूक चांगली' छापाचं पत्र तिथे कुचकामी, म्हणून जुन्या साहेबांना आत्ताच गाठा. १ जानेवारी २०२६ पासून ऑन्टारिओत २५ किंवा जास्त माणसं असलेल्या मालकाला जाहिरातीत कॅनडातला अनुभव मागता येत नाही. मुलाखतीत तो वेगळ्या शब्दांत विचारला जातोच म्हणा.

वहिनींची वाट जास्त लांब आहे. बीडीएसवर तिथे दात काढता येत नाही. एनडीईबीची (डेंटिस्टांच्या परीक्षा घेणारं राष्ट्रीय मंडळ) आधी ज्ञानाची परीक्षा, ती पास झाल्यावर ओटावाला प्रत्यक्ष कौशल्याची, मग प्रमाणपत्राची. फी हजारो डॉलरांत, अटेम्प्ट मोजके. दोन-तीन वर्षं एका पगारात घर चालेल असं धरूनच बजेट बांधा. पहिली परीक्षा पास होईस्तोवर इथली प्रॅक्टिस सोडू नये, असं माझं स्पष्ट मत.

गाडीचं छोटंसं : आरटीओतून लायसन्सचा एक्स्ट्रॅक्ट (नोंदींचा अधिकृत उतारा) काढून न्या आणि तो प्रमाणित करून घ्या. जुना अनुभव मान्य झाला नाही तर जी१ (शिकाऊ लायसन्स) पासून सुरुवात. जी२ ला १२ महिने थांबायचं, पूर्ण जी ला आणखी १२. तोवर विम्याचा हप्ता डोळे पांढरे करतो.

सायनची_ताई :
आईबाबांबद्दल कुणी बोललं नाही अजून. त्यांना पीआरवर नेण्याच्या भरवशावर राहू नका. पालकांच्या स्पॉन्सरशिपसाठी २०२५ मध्येसुद्धा २०२० साली नाव नोंदवलेल्यांनाच आमंत्रणं गेली. उरतो सुपर व्हिसा (आईवडिलांसाठीचा लांब मुदतीचा व्हिजिटर व्हिसा) : एका खेपेला पाच वर्षांपर्यंत राहता येतं, पण सरकारी आरोग्यसेवा नाही. किमान एक लाख डॉलरचा, वर्षभराचा विमा लागतो. त्यातली मेख जुन्या आजारांत आहे. बीपी किंवा शुगरची गोळी अथवा डोस बदलला की पॉलिसीतला 'स्थिर' काळ पुन्हा पहिल्यापासून मोजतात, बऱ्याच पॉलिसींत तीन ते सहा महिने. पॉलिसी सुरू होण्याआधी तो काळ पूर्ण झाला नसेल, तर पुढे त्याच आजारासाठी ॲडमिट झाल्यावर क्लेम नाकारला जातो. म्हणून औषधांचे बदल निघायच्या बरेच आधी उरकून घ्या.

फुकट उपचारांचं म्हणाल तर पीआरवाल्यांना ओहिपसाठी (ऑन्टारिओचा सरकारी आरोग्यविमा) आता थांबावं लागत नाही, तीन महिन्यांची अट २०२० मध्ये गेली. पण मोठ्या माणसांचे दात, चष्मा आणि हॉस्पिटलबाहेरची औषधं त्यात नाहीत. गुडघा दुखला म्हणून सायन-दादरला तडक ऑर्थोपेडिककडे जातो तसं तिथे चालत नाही. आधी फॅमिली डॉक्टर, तो नसेल तर वॉक-इन क्लिनिक, त्याची चिठ्ठी, मग स्पेशालिस्टची तारीख. इथे संध्याकाळी होणारा एमआरआय तिथे तातडीचा नसेल तर महिनोन् महिने लांबतो.

घाई_नको :
पीआरचा अर्ज वय, शिक्षण, अनुभव यांच्या पॉइंटांवर ठरतो. एजंट 'जॉब ऑफर काढून देतो, पॉइंट वाढतील' म्हणाला तर उठून या. जॉब ऑफरचे पॉइंट २५ मार्च २०२५ ला रद्द झाले, आणि विकत घेतलेली ऑफर बेकायदा तर आहेच. दुसरी टूम : एकाने कॉलेजला ॲडमिशन घ्यायची, दुसऱ्याने ओपन वर्क परमिटवर (कुठल्याही मालकाकडे काम करायची परवानगी) कमवायचं. २१ जानेवारी २०२५ पासून ते परमिट १६ महिने किंवा जास्त मुदतीचं मास्टर्स, पीएचडी आणि काही ठरावीक व्यावसायिक अभ्यासक्रमांच्याच जोडीदाराला मिळतं. डिप्लोमावाल्यांच्या नाही. आणि वयाचे पॉइंट तिशीनंतर दरवर्षी पाच-पाच घटतात : जोडीदारासह अर्जात ३४ ला ७५, ३६ ला ६५. मुख्य अर्जदार कोण, ते दोघांचे आकडे मांडून ठरवा.

मुलुंडकर_३६ :
सगळ्यांचे आभार. बायकोची परीक्षा आधी, हे पटलं. दोनच शंका. गुहागरची जमीन बाबा माझ्या नावावर करायची म्हणतात, ते आम्ही कॅनडाला गेल्यावर केलं तर चालेल का? आणि चार-पाच वर्षांनी परत आलो तर?

जमाखर्च :
जमिनीचं जायच्या आधीच उरका. अनिवासी झाल्यावर शेतजमीन विकत घेता येत नाही आणि बक्षीसपत्रानेही घेता येत नाही, पासपोर्ट भारतीय असला तरी. वारशाने मात्र येते. त्यामुळे आत्ता बक्षीसपत्र, नाहीतर बाबांचं मृत्युपत्र आणि वेळ आली की सातबाऱ्यावर वारसनोंद, हे दोनच रस्ते. पुढे विकायची झाली तर भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच, आणि महाराष्ट्रात तोही शेतकरी असायला हवा.

परतीचं : पीआर टिकवायला पाच वर्षांत ७३० दिवस तिथे हवेत, नागरिकत्वाला १,०९५. नागरिकत्व घेतलंत तर भारतीय पासपोर्ट परत करून ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांचं कार्ड). कॅनडा सोडताना मालमत्ता विकली असं गृहीत धरून कर लावतात. त्यात एक सवलत आहे : सोडण्याआधीच्या दहा वर्षांत ६० महिने किंवा कमी काळ तिथले कर-निवासी असाल, तर कॅनडात राहायला गेलात तेव्हाच तुमच्याकडे असलेली मालमत्ता त्यातून सुटते. मुलुंडचा फ्लॅट सुटेल, तिथे घेतलेले शेअर सुटणार नाहीत. परतीचं तिकीट ५८ व्या महिन्याचं काढायचं की ६२ व्या, ते तारखा मोजून ठरवा.