जुन्यांना बदल नको असतो म्हणे!

जुना_कोडवाला:
परवा इथेच कुणीसं लिहिलं की चाळिशीपुढची मंडळी नवं तंत्रज्ञान अडवतात, म्हणून कंपन्या मागे पडतात. अहो, आम्हाला विचारतंय कोण? आमचं पगारपत्रकाचं सॉफ्टवेअर बरं चाललं होतं. मोठे साहेब कुठल्याशा परिषदेला जाऊन आले आणि हुकूम सुटला: मायक्रोसर्व्हिसेस! म्हणजे एकाच सॉफ्टवेअरचे सुटे सुटे तुकडे, प्रत्येकाची टीम वेगळी. आता रजेची नोंद दुरुस्त करायची तर चार टीमच्या मिनतवाऱ्या. खुद्द अॅमेझॉन प्राइम व्हिडिओच्या टीमनं २०२३ मध्ये जाहीर लिहिलं, व्हिडिओ तपासायची यंत्रणा तुकड्यांतून परत एकसंध केली, खर्च ९० टक्क्यांहून जास्त उतरला. साहेबांना लिंक पाठवली. ढिम्म.

खराडीवाला:
अर्धीच गोष्ट सांगताय. ती त्यांची एक यंत्रणा होती, अख्खं अॅमेझॉन नव्हे. आणि 'बरं चाललंय'चं कौतुक पुरे. आमच्याकडे असलं बरं चाललेलं लिहिणारे रिटायर झाले, आता त्याला हात लावायला कुणी धजत नाही.

भोसरी_एमआयडीसी:
आयटीवाल्यांनी रडू नये. आमच्यावर गिऱ्हाइकानं फाइव्ह-एस, म्हणजे कारखान्यातली टापटिपीची जपानी पद्धत, लादलं. ऑडिटच्या आदल्या रात्री पिवळे पट्टे मारायचे, भंगार मागच्या शेडमध्ये ढकलायचं, ऑडिटर गेला की परत पुढे. आता मापं घ्यायचं व्हर्नियर शोधत फिरावं लागत नाही, तेवढं मात्र कबूल.

कोथरूडकर:
खरं दुखणं वेगळंच आहे. अजाइल, म्हणजे थोडं थोडं करत सॉफ्टवेअर बनवायची पद्धत, आली म्हणून साडेनऊला स्टँड-अप, म्हणजे काल काय केलं नि आज काय करणार हे सांगायची रोजची उभ्याउभ्याची मीटिंग, तीही हिंजवडीत प्रत्यक्ष हजर राहून! भूमकर चौकात अडकून फोनवरच सांगतो, 'काल जे करत होतो तेच आज.'

खराडीवाला:
२००१ चा अजाइल जाहीरनामा वाचा. समोरासमोर बोलणं उत्तम, असं त्याच्या तत्त्वांतच आहे.

कोथरूडकर:
रोजचा स्टँड-अप कुठे आहे त्यात? तो स्क्रमचा, म्हणजे अजाइलमधल्याच एका पद्धतीचा. मॅनेजर दिसता!

खराडीवाला:
आहे मॅनेजर. मग? मीही त्याच ट्रॅफिकमधून येतो, विमानानं नाही.

वाकडची_सून:
भूमकर चौक काय घेऊन बसलात! पाऊस पडला की आमच्या सोसायटीच्या गेटातून गाडी बाहेर निघत नाही. आणि कंपनीचं ब्रीद 'डिजिटल फर्स्ट'. मग लॅपटॉप घरी का नाही चालत?

भोसरी_एमआयडीसी:
आमचा लेथ घरी न्यायचा का, ताई?

वाकडची_सून:
तुमचं कोण बोलतंय, दादा!

जुना_कोडवाला:
ट्रॅफिकचा वेगळा धागा काढा हो कुणीतरी.

खराडीवाला:
बरं, पगारपत्रकाला मायक्रोसर्व्हिसेस नको होत्या. जिंकलात, पेढे वाटा. पण उद्या साहेबांनी एआय आणलं की इथे गळा काढायला येऊ नका.

जुना_कोडवाला:
आणलंय. रजा किती शिल्लक विचारलं की 'छान प्रश्न!' म्हणतं आणि एचआरला फोन करायला सांगतं.