टीपीएसवर असताना धंद्यासाठी कर्ज

टीपीएस म्हणजे मायदेशी युद्ध किंवा आपत्ती असलेल्यांना अमेरिकेत तात्पुरतं राहायला आणि काम करायला मिळणारा दर्जा. "टीपीएसवाल्यांना अमेरिकेत कोणी कर्ज देत नाही, ग्रीन कार्डची वाट बघा" असं अनेक जण सांगतात, पण ते अर्धंच खरं आहे. एसबीए या छोट्या धंद्यांसाठीच्या सरकारी संस्थेच्या हमीची कर्जं टीपीएसवाल्यांसाठी 2025 पासून बंदच झाली. मालकांपैकी एक जण जरी टीपीएसवर असला तरी अर्ज बाद होतो. इतर बँकाही बिचकतात, कारण दर्जा एका वेळी 6, 12 किंवा 18 महिन्यांचाच मिळतो आणि कर्ज पाच वर्षांचं.

पण कीवा या ना-नफा संकेतस्थळावर 15,000 डॉलरपर्यंत बिनव्याजी कर्ज मिळू शकतं, क्रेडिट स्कोअरची अट नाही. आधी ओळखीच्यांनी थोडे थोडे पैसे घालायचे, मग अनोळखी लोक घालतात. बायकांसाठी 'ग्रामीण अमेरिका' नावाची कर्ज देणारी संस्था आहे, 2008 साली न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये सुरू झालेली. पाच जणींचा गट, दर आठवड्याला बैठक. आपल्या बचत गटाची आठवण यावी अशीच. हैतीच्या लोकांची 'सोल' तर सरळ आपली भिशीच! पहिली गाडी, पहिलं शिलाई मशीन अनेकदा त्यातूनच उभं राहतं.

वर्क परमिटच्या नूतनीकरणाची पावती मात्र जपून ठेवा, कर्ज देणारा ती मागू शकतो. आणि रोजच्या विक्रीचे पैसे आजपासून बँकेतच भरा, म्हणजे कमाईचा पुरावा राहील, कृपा करून.